माधवराव आपटे यांचे तेरा डाव

(१)

माहूरच्या इतिहासाचीं साधनें चाळणारास एक अडचण प्रारंभींच भेटते. या गडाशीं निगडित असलेलें स्त्रीवर्गांतील सर्वांत प्रसिद्ध नांव म्हणजे रायबागन. माहूरकर उदाराम देशमुखाच्या घराण्यांतील सावित्रीबाई ती हीच. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतांत ती उंबरखिंडीच्या प्रसंगीं, म्हणजे सन १६६१ च्या फेब्रुवारींत, मोंगलांच्या बाजूस कारतलबखानाबरोबर दिसते. खिंडींत कोंडल्या गेलेल्या खानास ती शरण जाण्याचा सल्ला देते व खान तो मानतो. लोकांच्या स्मरणांत तिचें चरित्र बहुतेक या एका दिवसापुरतेंच उरलें आहे. अशा व्यक्तींविषयीं लिहितांना दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली, त्या एका दिवसावरून सारें आयुष्य मोजण्याची. दुसरी, अंधारांतला भाग आपल्या कल्पनेनें उजळण्याची.

हीच दुहेरी चूक अगदीं अलीकडच्या काळांतील एका मराठी गृहस्थाविषयीं होत आली आहे, म्हणून हें टिपण. गृहस्थ म्हणजे मुंबईचे माधवराव लक्ष्मणराव आपटे, क्षेत्र क्रिकेटचें. प्रस्तुत पृष्ठांत ‘कारकीर्द’ हा शब्द राजे, पेशवे व सरदार यांच्याविषयीं येतो. येथें तो एका फलंदाजाविषयीं योजिला आहे. परंतु प्रश्न आपल्या नेहमींच्याच परिचयाचा आहे. समकालीन नोंद एक सांगते, नंतरची कैफियत दुसरें सांगते आणि लोकवार्ता तिसरेंच सांगते. अशा वेळीं निर्णय कसा करावा, हा तो प्रश्न होय.

(२)

साधनांचा विचार प्रथम करूं. क्रिकेटचा धांवफलक हा आपल्या जुन्या दप्तरांतील रोजकीर्दीसारखा कागद आहे. घटना घडत असतांनाच तो लिहिला जातो. लिहिणारास पुढें काय होणार हें ठाऊक नसतें. आणि दोन्ही पक्षांचे लेखनिक आपापली वही जुळवून पाहतात. म्हणून त्याचें प्रामाण्य मोठें. परंतु रोजकीर्द जशी खर्च किती झाला तें सांगते, कां झाला तें सांगत नाहीं, तसेंच धांवफलकाचें आहे. सरासरी हा त्या रोजकीर्दीवरून मागाहून काढलेला ताळेबंद होय. खेळाडूच्या एकूण धांवांस तो जितक्या वेळां बाद झाला त्या संख्येनें भागलें म्हणजे ती निघते. नाबाद राहिलेले डाव भाजकांत धरीत नाहींत. ताळेबंद खरा असला तरी व्यवहार समजण्यास मूळ कीर्दच उलगडावी लागते.

खेळाडूचें आत्मचरित्र ही त्याची कैफियत. ती प्रामाणिक असूं शकते. पण ती पक्षकाराची असते, हें विसरतां कामा नये. मैदानाच्या कट्ट्यावर व वृत्तपत्रांच्या स्तंभांत पिढ्यान् पिढ्या फिरणाऱ्या हकीकती या बखरी. त्यांत सत्याचा अंश असतो. मात्र तो पाखडून घ्यावा लागतो.

(३)

माधवरावांचा जन्म मुंबईस ता. ५ ऑक्टोबर १९३२ रोजीं झाला. त्याच वर्षाच्या जूनमध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला होता. त्या सामन्यांत हिंदी संघाकडून पहिला चेंडू खेळला तो जनार्दन ग्यानोबा नवले यांनीं. म्हणजे हिंदुस्थानच्या कसोटी फलंदाजीचा श्रीगणेशा एका मराठी सलामीच्या फलंदाजानें केला. नवले यष्टिरक्षकहि होते. दोन कसोटींतील चार डावांत त्यांच्या धांवा ४२ झाल्या. परंतु क्रमाचा मान त्यांचाच राहिला.

आपटे यांचें घराणें साखर व कापड यांच्या उद्योगांतील. त्यांचें शालेय शिक्षण विल्सन हायस्कुलांत व पुढील शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. आरंभीं ते फिरकी गोलंदाज होते; कॉलेजांत विनू मांकड यांचें मार्गदर्शन लाभलें आणि त्यांनींच या मुलास सलामीस पाठविलें. सन १९५१-५२ च्या हंगामांत मुंबईतर्फे सौराष्ट्राविरुद्ध रणजी करंडकाच्या सामन्यांत त्यांनीं प्रथम श्रेणींत पदार्पण केलें, व त्या पहिल्याच सामन्यांत शतक केलें.

ही वेळ कशी होती हें पाहणें अवश्य आहे. सन १९५१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस इंग्लंडविरुद्ध १५४ धांवा करून विजय मर्चंट यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढील उन्हाळ्यांत इंग्लंडच्या दौऱ्यावर हिंदी सलामीची जी दशा झाली, ती प्रसिद्धच आहे. जून १९५२ मध्यें हेडिंग्लेवर दुसऱ्या डावांत एकहि धांव होण्यापूर्वीं चार गडी बाद झाले. त्या मालिकेंत पंकज रॉय यांस सात डावांपैकीं पांचांत भोपळा पदरीं आला. लॉर्ड्सवर मांकडांनीं सलामीस जाऊन ७२ व १८४ धांवा केल्या खऱ्या. पण तेच संघाचे प्रमुख गोलंदाजहि होते. दिवसभर चेंडू टाकणाऱ्यानेंच पुन्हां प्रथम फलंदाजीस जावें, ही व्यवस्था दीर्घकाळ चालणारी नव्हती. तात्पर्य, तटाला भगदाड पडलें होतें व तेथें उभें राहील असा माणूस हवा होता.

(४)

सलामीच्या फलंदाजाचें काम किल्ल्याच्या पहिल्या दरवाज्यावरील चौकीसारखें असतें. चेंडू नवा व कठीण, त्याची शिवण ठसठशीत, गोलंदाज ताजेतवाने आणि खेळपट्टीचा स्वभाव अद्याप कळलेला नसतो. अशा वेळीं पहिला मारा झेलून मागून येणाऱ्यांस निवांत करणें, हें त्याचें कर्तव्य. त्यानें तीस धांवा केल्या व नव्या चेंडूची धार गेली, तर त्या तिशीचें मोल मागच्या फलंदाजाच्या साठीइतकें असूं शकतें. परंतु ताळेबंदांत ती तीसच राहते. आपटे यांचे डाव तपासतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे.

आतां मूळ कीर्द. त्यांचे सात कसोटी सामने व तेरा डाव क्रमानें पुढीलप्रमाणें आहेत :

पाकिस्तानविरुद्ध, मुंबई, नोव्हेंबर १९५२ : ३० व नाबाद १०.
पाकिस्तानविरुद्ध, मद्रास, नोव्हेंबर-डिसेंबर १९५२ : ४२.
वेस्ट इंडिजविरुद्ध, पोर्ट ऑफ स्पेन, जानेवारी १९५३ : ६४ व ५२.
वेस्ट इंडिजविरुद्ध, ब्रिजटाऊन, फेब्रुवारी १९५३ : ६४ व ९.
वेस्ट इंडिजविरुद्ध, पोर्ट ऑफ स्पेन, फेब्रुवारी १९५३ : ० व नाबाद १६३.
वेस्ट इंडिजविरुद्ध, जॉर्जटाऊन, मार्च १९५३ : ३० व ३०.
वेस्ट इंडिजविरुद्ध, किंग्स्टन, मार्च-एप्रिल १९५३ : १५ व ३३.

एकूण धांवा ५४२, बाद ११ वेळां, सरासरी ४९.२७. पहिला सामना १३ नोव्हेंबर १९५२ रोजीं सुरू झाला व शेवटचा ४ एप्रिल १९५३ रोजीं संपला. सारी कारकीर्द पांच महिन्यांच्या आंतली. ती संपली तेव्हां माधवरावांचें वय वीस वर्षें व सहा महिने होतें.

(५)

या कीर्दींतील कांहीं नोंदी उलगडून पाहूं. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरील पहिल्या सामन्यांत त्यांचे जोडीदार मांकडच होते. ज्यानें घडविलें त्याच्याच सोबतीनें उतरावें, असा योग थोड्यांस येतो. तो सामना हिंदी संघानें दहा गडी राखून जिंकला. दुसऱ्या डावांतील नाबाद १० ही संख्या लहान दिसते याचें कारण, विजयास अवघ्या पंचेचाळीसच धांवा लागल्या व त्या दोघांनींच पुऱ्या केल्या. ताळेबंदांत न दिसणारी गोष्ट कीर्दींत कशी दिसते, याचें हें एक लहान उदाहरण.

त्यानंतर विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालीं संघ वेस्ट इंडिजला गेला. त्या बेटांवर हिंदी संघाचा हा पहिलाच दौरा. समोर फ्रँक किंगची जलद गोलंदाजी. पुढें रामाधीन व व्हॅलेंटाईन ही फिरकीची जोडी, जिनें सन १९५० मध्यें इंग्लंडमध्यें जाऊन इंग्लंडचा पाडाव केला होता. पहिल्या कसोटींत ६४ व ५२ करून आपटे यांनीं परदेशांतील पहिली परीक्षा दोन्ही डावांत पार पाडली. दुसऱ्या कसोटींत, ब्रिजटाऊनला, हिंदी संघास विजयासाठीं २७२ धांवा हव्या होत्या. रामाधीनच्या गोलंदाजीपुढें १२९ धांवांतच सर्व गडी बाद झाले. मालिकेंत निकाल लागला तो एवढाच. त्या पडझडींत आपटे यांचे ९ आहेत, आणि पहिल्या डावांतील ६४ हि आहेत.

तिसरी कसोटी पुन्हां पोर्ट ऑफ स्पेनला झाली. पहिल्या डावांत आपटे शून्यावर बाद झाले. हिंदी संघ पहिल्या डावाअखेर ३६ धांवांनीं मागें होता व मालिकेंतहि मागें होता. या स्थितींत दुसरा डाव ७ बाद ३६२ वर घोषित करतां आला. त्यांत आपटे नाबाद १६३ होते व मांकड यांच्या ९६ धांवा होत्या. प्रारंभीं उतरलेला वीस वर्षांचा तरुण डाव बंद होईपर्यंत बाद झालाच नाहीं. पराभवाची शक्यता त्यानें आपल्या बाजूनें संपविली. सामना अनिर्णित राहिला.

किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटींत त्यांचे १५ व ३३ झाले. तेथें दुसऱ्या डावांत पंकज रॉय यांनीं १५० व विजय मांजरेकर यांनीं ११८ धांवा करून दुसऱ्या गड्यासाठीं २३७ धांवांची भागीदारी केली. सन १९५२ च्या भोपळ्यांनीं पोळलेले रॉय येथें पुन्हां उभे राहिले, ही गोष्ट आपटे यांच्या पुढील नशिबाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवावयास हवी. संबंध मालिकेंत हिंदी संघाकडून उमरीगर यांच्या ५६० धांवा झाल्या. त्यांच्या खालोखाल आपटे, ४६० धांवा, सरासरी ५१.११. एका मालिकेंत चारशेंहून अधिक धांवा करणारे ते पहिले हिंदी सलामीचे फलंदाज ठरले.

(६)

येथवर बखरकारांचें समाधान होईल. संशोधकास मात्र पुढें जाऊन ताळेबंदाची उलटतपासणी केली पाहिजे. ४९.२७ ही सरासरी मर्चंट यांच्या ४७.७२ हून अधिक आहे, म्हणून आपटे मर्चंटांहून श्रेष्ठ, असें कोणी म्हणेल तर तें हास्यास्पद होईल. तेरा डावांवरून काढलेली सरासरी एका डावानें डळमळते. नाबाद १६३ हा एकच डाव बाजूस ठेवला तर उरलेल्या ३७९ धांवांची सरासरी ३४ च्या घरांत येते. आणखी असें कीं, पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर त्या काळीं गवताच्या खेळपट्टीऐवजीं ज्यूटची चटई अंथरीत असत. त्या चटईवर चार डावांत आपटे यांनीं २७९ धांवा केल्या, सरासरी ९३. इतरत्र, म्हणजे गवताच्या खेळपट्ट्यांवर, नऊ डावांत २६३ धांवा. सरासरी जवळजवळ ३३. अर्थात् मोठ्या धांवसंख्येचा भार एका मैदानानें उचलला आहे, हें मान्य करणें प्राप्त आहे.

परंतु तीच कीर्द दुसऱ्या बाजूनेंहि बोलते. तेरा डावांपैकीं नऊ डावांत त्यांनीं तीस किंवा अधिक धांवा केल्या. दहाच्या आंत ते बाद झाले केवळ दोनदां. ज्या संघाची सलामी सहा महिन्यांपूर्वीं शून्यावर कोसळत होती, त्या संघाला हा माणूस तेरा वेळांपैकीं नऊ वेळां तिशीपलीकडे घेऊन जात होता. तेंहि सहा निरनिराळ्या शहरांत, चटईवर व गवतावर, स्वदेशीं व परदेशीं. चौकीदाराची किंमत त्याच्या चौकीवरून शत्रू किती वेळां आंत शिरला यावरून करावयाची असेल, तर हा पुरावा सरासरीहून अधिक बोलका आहे. सरासरी त्यांस थोर फलंदाज ठरविते, आणि तो निष्कर्ष पुराव्यापेक्षां मोठा आहे. डावांचा क्रम त्यांस भरंवशाचा सलामीवीर ठरवितो, आणि हा निष्कर्ष टिकतो.

(७)

आतां मुख्य प्रश्न. अशा खेळाडूस पुन्हां एकदांहि कसोटीसाठीं कां निवडलें नाहीं?

प्रथम कालक्रम पहावा. एप्रिल १९५३ नंतर हिंदी संघाची पुढील अधिकृत कसोटी १ जानेवारी १९५५ रोजीं ढाक्यास सुरू झाली. मध्यें एकवीस महिन्यांचा खंड पडला. विसाव्या वर्षीं कीर्ति मिळविलेल्या तरुणास असा खंड फार घातक. लोकांची आठवण व निवड करणारांची मर्जी, दोन्ही त्यांत विरतात. पाकिस्तानांतील त्या मालिकेंत रॉय यांच्या जोडीस पननमल पंजाबी खेळले. त्यांनीं पांच कसोटींत १६४ धांवा केल्या, सरासरी १६.४०. त्या मालिकेचे पांचहि सामने रडतखडत अनिर्णित राहिले, म्हणून सारा दोष एकट्या पंजाबींच्या माथीं मारणें अन्याय होईल. परंतु आपटे यांची जागा त्यांच्याहून सरस कामगिरीनें भरली गेली असें म्हणण्यास येथें आधार सांपडत नाहीं. सन १९५५-५६ मध्यें न्यूझीलंडविरुद्ध नरी कॉन्ट्रॅक्टर व विजय मेहरा हे नवे सलामीवीर पुढें आले, आणि जानेवारी १९५६ मध्यें मद्रासला मांकड व रॉय यांनीं पहिल्या गड्यासाठीं ४१३ धांवांची भागीदारी केली. कसोटी क्रिकेटांतील तो उच्चांक पुढें बावन्न वर्षें टिकला. त्यानंतर आपटे यांच्या नांवाचा आग्रह धरणाराची बाजू साहजिकच दुबळी झाली. म्हणून १९५६ नंतरची उपेक्षा समजूं शकते. १९५५ ची उपेक्षा खेळावरून समजत नाहीं. वाद या एका ठिकाणीं आणून ठेवला म्हणजे बराचसा धुरळा खालीं बसतो.

माधवरावांनीं ‘ॲज लक वुड हॅव इट’ या नांवानें आत्मचरित्र लिहिलें. आपल्या वगळण्याच्या संबंधांत त्यांत त्यांनीं खेळाबाहेरच्या, व्यापारी व्यवहाराशीं निगडित अशा एका प्रसंगाकडे बोट दाखविलें आहे. ही कैफियत होय. तिचें वजन असें कीं, लिहिणारास तोंपर्यंत कांहीं मिळवावयाचें उरलें नव्हतें. तिची मर्यादा अशी कीं, ती घटनेनंतर कित्येक दशकांनीं लिहिलेली व एकाच पक्षाची आहे. निवड समित्या आपल्या निर्णयांचीं कारणें जाहीर करीत नसत, त्यामुळें प्रतिपक्षाचा जबाब कीर्दींस लागलेला नाहीं. एकपक्षीय कैफियतीवरून कोणा दिवंगत व्यक्तीस दोषी ठरविणें हें संशोधनाच्या रीतीस धरून होणार नाहीं. आणि ती गैरसोयीची आहे म्हणून दडपून टाकणेंहि धरून होणार नाहीं. तिची नोंद करावी, तिच्यावर शिक्कामोर्तब करूं नये. धांवफलक सांगतो तेवढें निर्विवाद : खेळांत असें कांहींहि घडलेलें नव्हतें कीं ज्यावरून त्यांस दाराबाहेर काढावें.

(८)

पुढील आयुष्याकडे पाहिलें म्हणजे दुसरीहि चूक दुरुस्त होते. कसोटीचें दार बंद झालें म्हणून माधवरावांचा खेळ संपला, असा समज चुकीचा आहे. प्रथम श्रेणीचे ६७ सामने ते खेळले. ३,३३६ धांवा, सहा शतकें, सरासरी ३८.७९. सन १९५८-५९ व १९६१-६२ या हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. त्यांचे धाकटे बंधु अरविंद हेहि सलामीचेच फलंदाज; सन १९५९ मध्यें हेडिंग्लेवर ते एक कसोटी खेळले. एकाच घरांतील दोन भावांनीं हिंदी संघाची सलामी केली, हेंहि नोंदण्याजोगें आहे.

परंतु सर्वांत बोलकी साक्ष कांगा लीगची आहे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नांवानें सन १९४८ पासून मुंबईंत भर पावसाळ्यांत ही स्पर्धा खेळली जाते. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, वळणारा व उसळणारा चेंडू. तेथें नांवाचा मोठेपणा चालत नाहीं. ज्यास कसोटींत दुसरी संधि मिळाली नाहीं, तो गृहस्थ या चिखलांत सत्तरीच्या आसपास पोंचेपर्यंत, दर पावसाळ्यास खेळत राहिला व पांच हजारांवर धांवा जमा करून गेला. रुसलेला मनुष्य असें करीत नाहीं. सन १९८३ मध्यें ते मुंबईचे शेरीफ झाले. पुढें क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्षहि झाले. सचिन तेंडुलकर या कोंवळ्या वयाच्या मुलास त्या क्लबांत खेळतां यावें म्हणून वयाची आडकाठी दूर करण्यांत त्यांचा हात होता. आपणांस बंद झालेलें दार दुसऱ्यासाठीं उघडण्याची ही वृत्ति त्यांच्या चरित्राचा अर्थ सांगण्यास सरासरीहून अधिक उपयोगी आहे. ता. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, मुंबईस त्यांचें निधन झालें.

(९)

सन १९७१ मध्यें त्याच पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर मुंबईचाच दुसरा एक सलामीचा फलंदाज, एकवीस वर्षांचा सुनील गावस्कर, कसोटींत प्रथम उतरला. चार कसोटींत त्यानें ७७४ धांवा केल्या व पुढें १२५ कसोटींत १०,१२२ धांवांपर्यंत मजल मारली. आपटे यांस संधि मिळती तर तेहि तेथवर जाते, असें विधान करण्याचा मोह पुष्कळांस झाला आहे. तें विधान करूं नये. ‘असें होतें तर’ हें इतिहासाचें साधन नव्हे. परंतु दोन तरुण एकाच मैदानावरून, जवळजवळ एकाच वयांत निघाले. एकास पुढील सोळा वर्षें चुका करण्याची व सुधारण्याची मुभा मिळाली आणि दुसऱ्यास एकहि चूक करण्याची संधि देण्यांत आली नाहीं, एवढें कागदांवरून सिद्ध होतें. अन्याय झाला असल्यास तो एवढाच आहे, आणि तो लहान नाहीं.

आपल्या संग्रहांतील कागदांकडे पाहतांनाहि हा विवेक उपयोगी पडावा. माहूरच्या रायबागनेस उंबरखिंडीच्या एका दिवसांत कोंडूं नये, आणि त्या दिवसाबाहेर तिला कल्पनेनें नाचवूंहि नये. तसेंच माधवराव आपटे यांस ४९.२७ या अंकांत कोंडूं नये व त्या अंकाबाहेर देवत्वासहि चढवूं नये. तेरा डाव आहेत. ते क्रमानें वाचावे. जुने धांवफलक, सामन्यांच्या छापील पुस्तिका व खेळाडूंचीं पत्रें रद्दींत जात आहेत. ज्यांच्या घरीं अशीं वह्यापुस्तकें असतील त्यांनीं तीं जुन्या दप्तरांइतक्याच काळजीनें जपावीं, अशी विनंति करून हें टिपण पुरें करतों.